लाटेनंतरचे जिणे
२६ डिसेंबर २००४. नाताळच्या दुसऱ्याच दिवशी, श्रीलंकेतील याला येथे, त्सुनामीने सोनाली देरानियगला यांचे पती, दोन मुलगे आणि आईवडील हिरावून नेले. त्यांचे ‘वेव्ह’ (२०१३) हे इंग्रजी आत्मकथन आम्हांला मोलाचे वाटते ते त्यातील निर्भीडपणामुळे. कोलंबोतील आईवडिलांचे घर भाड्याने दिल्यावर तेथील निरपराध डच कुटुंबाला रात्री-अपरात्री छळल्याचेही लेखिका लपवीत नाही. मुलांच्या आठवणी आरंभी तुटक येतात, पुढे विस्तारतात. कारण आरंभी आठवणेच असह्य होते. हा रचनेतील दोष नव्हे. ते आघाताचे सत्य आहे. ‘देवाची इच्छा’ म्हणून सांत्वनाची घाई करणाऱ्या आपणां सर्वांना हे पुस्तक आधी ऐकून घ्यायला शिकविते.