संमिश्र अध्यापन आणि आपत्कालीन वैद्यक

दूरस्थ पाठ व प्रत्यक्ष वर्ग यांची सांगड घालणाऱ्या पद्धतीस ‘संमिश्र अध्यापन’ ही संज्ञा आता रूढ झाली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२१ मध्ये प्रसृत केलेल्या टिपणात अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन शिकविण्याची मुभा सुचविली होती. सर्वसाधारण विषयांस हे माप कदाचित चालेल. आपत्कालीन वैद्यकाच्या प्रशिक्षणास ते लावू गेल्यास मात्र त्यातील वैगुण्य उघड होते. टक्केवारी तासांची काढता येते, कौशल्याची नाही.

हृदयक्रिया थांबलेल्या प्रौढाच्या छातीवर मिनिटास १०० ते १२० दाब द्यावेत, प्रत्येक दाब ५ ते ६ सेंटिमीटर खोल असावा, हा नियम पडद्यावरून पाच मिनिटांत कळतो. पाच सेंटिमीटर म्हणजे किती, हे मात्र हातालाच कळावे लागते. कौवेनहोव्हेन, ज्यूड व निकरबॉकर यांनी छाती न उघडता करावयाच्या हृदयमर्दनाची पद्धत १९६० साली प्रसिद्ध केली. त्याच सुमारास नॉर्वेतील लेर्डाल यांची सरावाची पुतळी तयार झाली. ती मुळात तोंडाने श्वास देण्याच्या सरावासाठी होती. दाबाचा सराव व्हावा म्हणून तिच्या छातीत पुढे स्प्रिंग बसविण्यात आली. व्याख्यान अपुरे पडते, याची याहून बोलकी कबुली कोणती?

नाशिकला हा प्रश्न विशेष लागू पडतो. मुक्त विद्यापीठ (१९८९) आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठ (१९९८) ही दोन्ही याच नगरीत आहेत. अध्ययनपुस्तकास संपर्कसत्रांची जोड देण्याची रीत येथे जुनीच. शिवाय २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थातील चेंगराचेंगरीत ३९ भाविक दगावले, ही स्मृती आहे. अशा गर्दीत रुग्णाजवळ प्रथम पोहोचतो तो बहुधा पोलीस वा स्वयंसेवक, आणि त्याने काय पाठ केले आहे याला तेथे फारसा अर्थ उरत नाही.

पडद्याचा लाभ नाकारण्याचे कारण नाही. २०१४ पासून धावणाऱ्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेवरील डॉक्टरास पाळी सोडून आठवडाभर शहरात बसविणे कठीणच. तात्त्विक भाग त्याने ठाण्यावरच वाचला, तर उत्तम. परंतु अशा रीतीने वाचलेला वेळ पुतळीवरील सरावास मिळाला, तरच त्यास संमिश्रण म्हणता येईल. तो वेळ नुसता कापला गेला, तर ती काटकसर होय. त्यातच हे कौशल्य काही महिन्यांत मंदावते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. सुरगाणा किंवा पेठ येथे पुतळी नेऊन वरचेवर सराव घेण्यास पडदा लागत नाही. लागतो तो शिक्षकाचा प्रवासभत्ता, आणि ४० व ६० यांच्या हिशेबात त्याला जागा नाही.