चोवीस खिडक्यांच्या मागे : चांदोरचं ब्रागांझा घर

तर मंडळी, गोव्याचा महामार्ग आपल्या पनवेलपासूनच सुटतो. इथे कोनला बसलेल्यांपैकी बरेच जण त्या रस्त्याने मडगावपर्यंत गेलेले असणार. मडगावच्या पूर्वेला चांदोर लागतं. कदंबांची जुनी राजधानी चंद्रपूर ते हेच. तिथल्या ब्रागांझा घराला आपण सर्रास 'पोर्तुगीज बंगला' म्हणतो. आमचा आक्षेप त्या शब्दाला आहे.

घर स्थानिक ख्रिस्ती जमीनदारांचं. मग त्यात बरोक काय? रोममधली बरोक भिंत वळते, फुगते, नजर मध्यभागी खेचते. चांदोरची भिंत सरळसोट; वरच्या मजल्यावर एका ओळीत चोवीस खिडक्या. म्हणजे बरोकचा आकार इथे फारसा आलेला नाही, आला तो थाट, समोरच्या चौकाला वैभव दाखवण्याचा. देशावरचा वाडा बघा, नेमका उलटा: रस्त्याकडे आडदांड भिंत, श्रीमंती सगळी आतल्या चौकात.

पण ही एकसंध भिंत थोडी फसवते. आत दोन घरं आहेत. पूर्वेला ब्रागांझा परेरा: खासगी देव्हाऱ्यात संत फ्रान्सिस झेवियरचं नख, नृत्यदालनात पोर्तुगालचा राजा लुईस पहिला याने भेट दिलेल्या खुर्च्या. पश्चिमेला मेनेझिस ब्रागांझा, म्हणजे पत्रकार लुईस (1878–1938) यांचं ग्रंथालय. 1900 साली 'ओ हेराल्दो' दैनिक काढणाऱ्यांपैकी ते एक. 1930 मध्ये पोर्तुगालच्या वसाहत कायद्याविरुद्ध गोव्याच्या स्वयंनिर्णयाचा ठराव त्यांनीच मांडला. एकाच छपराखाली राजाची खुर्ची आणि राजसत्तेला प्रश्न विचारणारी पुस्तकं! याला 'पोर्तुगीज' म्हणून मोकळं कसं होता येईल?

उलट टोकाला जाऊन याला स्वातंत्र्याचं मंदिरही करू नये. हा थाट जमिनीच्या उत्पन्नावर उभा होता, आणि ती जमीन कसणारी कुळं त्या चोवीस खिडक्यांत कुठेच दिसत नाहीत. 1961 नंतर कूळ कायदे आले, उत्पन्न आटलं. न्याय्यच झालं ते. पण मग एवढं छप्पर शाकारायचं कोणी? आज बघायला येणाऱ्यांच्या देणग्यांचा त्याला आधार आहे.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच: तिथे गेलात तर झुंबरांपाशी अडकू नका. देणगी द्या, आणि दोन्ही बाजू बघा. अर्धं घर बघून परतलात, तर गोवाही अर्धाच कळेल.