केबिनातून पाहिलेला ‘पिंजरा’

सावनेरच्या टाकीजमध्ये मी ऑपरेटर होतो. मालकाच्या तीन गावांत टाकीज. सिनेमाची पेटी आळीपाळीनं फिरे. व्ही. शांतारामांचा ‘पिंजरा’ (१९७२) मी केबिनच्या झरोक्यातून कितीदा पाहिला असंन! लावणी लागली की पडद्याकडे चिल्लर उडे. शेवटी मास्तर स्वतःच्याच खुनाची शिक्षा पत्करतो, कारण गावाच्या मनातला आदर्श मास्तर टिकला पाहिजे. तेव्हा खालून आवाज येई, ‘‘खरं सांगून टाका नं, गुरुजी!’’

डॉ. श्रीराम लागूंचं काम थोरच. पण जिच्या नाचावर तिकिटं खपली, तिलाच सिनेमा मोहाचा पिंजरा ठरवतो, हे मले पटलं नाही. रिक्षावरच्या भोंग्यातून आम्ही लावणीचंच नाव घेत होतो; मास्तरांच्या तत्त्वांचं कोणी घेतलं नाही.