'अक्षम्य' या विशेषणाचा प्रश्न : वसईच्या ख्रिस्ती मराठीच्या संदर्भात

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या समीक्षेत एक ठरावीक भूमिका दीर्घकाळ रूढ आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराणा'पासून (१६१६) रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या 'ख्रिस्तायना'पर्यंतच्या रचनांचे मराठीपण सिद्ध करणे, त्यांच्या ओवीचे व शब्दकळेचे कौतुक करणे, एवढ्यावर ती संतुष्ट होते. परंपरेकडून घेतलेला शब्द नव्या आशयाला कोठे वाट करून देतो आणि कोठे अडवतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. क्षमा, पश्चात्ताप आणि अक्षम्य पाप या संज्ञांच्या बाबतीत तो टाळता येत नाही.

वसईत या प्रश्नाला केवळ ग्रंथगत महत्त्व नाही. घरात सामवेदी, वाडवळी अशा बोली बोलणारा येथील कॅथलिक समाज दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) लॅटिनऐवजी मराठीत उपासना करू लागला. याच परिसरातील फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'ला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार लाभला. परिणामी 'पश्चात्ताप' व 'प्रायश्चित्त' हे शब्द येथे एकाच वेळी प्रार्थनेचे, पापनिवेदनाचे आणि साहित्याचेही शब्द आहेत.

यांपैकी 'प्रायश्चित्त' ही संज्ञा धर्मशास्त्रातून आली. तेथे पापांची प्रतवारी आहे. ब्रह्महत्या, सुरापान आदी पंचमहापातके तिच्या शिखरावर आहेत आणि कृत्याच्या प्रमाणात प्रायश्चित्त ठरते. प्रायश्चित्त आधी, शुद्धी नंतर, असा तो क्रम होय. कॅथलिक पापनिवेदनात हा क्रम सामान्यतः उलटा असतो : धर्मगुरू पापमुक्तीचे शब्द उच्चारतो आणि नेमून दिलेले प्रायश्चित्त त्यानंतर पार पाडले जाते. तेथे प्रायश्चित्त क्षमेची किंमत नसून मिळालेल्या क्षमेला दिलेला प्रतिसाद आहे. शब्द तोच राहिला, परंतु त्याचे वाक्यातील स्थान बदलले. आणि स्थानाबरोबर अर्थही बदलला.

'पश्चात्तापा'ची अडचण अधिक सूक्ष्म आहे. या शब्दाच्या घडणीत 'ताप' आहे, कृत्यानंतरचा दाह आहे. संतवाङ्मयातील 'अनुताप' याच कुळातला. नव्या करारातील 'मेटानोइया' या ग्रीक संज्ञेत मात्र दाहापेक्षा वळणे प्रधान आहे : मनाची दिशाच पालटणे. हा भेद यहुदा इस्कार्योताच्या कथेत कसोटीला लागतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात यहुदाला झालेल्या खेदासाठी 'मेटानोइया'शी संबंधित क्रियापद येत नाही. 'मेटामेलोमाइ' हे दुसरेच क्रियापद येते. मराठीत 'पस्तावा' आणि 'पश्चात्ताप' ही जोडी हाताशी आहे खरी. पण पहिला शब्द दुसऱ्याचेच तद्भव रूप असल्यामुळे त्यांच्यातील भेद व्युत्पत्ती पुरवत नाही, तो वापरानेच घडवावा लागतो.

यहुदाचे चित्र म्हणूनच अस्वस्थ करणारे आहे. ट्रेंटच्या परिषदेने १५५१ मध्ये पश्चात्तापी व्यक्तीकडून तीन गोष्टी अपेक्षिल्या : मनःपूर्वक खेद, पापाची कबुली आणि भरपाई. यहुदाला खेद होतो, तो निरपराध व्यक्तीचा घात केल्याचे कबूल करतो आणि चांदीची तीस नाणी परत करतो. बाह्यतः तिन्ही अंगे पूर्ण होतात. तरीही तो गळफास घेतो. त्याच रात्री येशूला तीनदा नाकारणारा पेत्र रडतो, परंतु पुढे परततो. दोघांमधील अंतर अपराधाच्या आकाराने मोजता येत नाही, दाहाच्या तीव्रतेनेही नाही. एकाला क्षमेची आशा उरते, दुसऱ्याला उरत नाही. केवळ 'ताप' ऐकणाऱ्या वाचकाला यहुदा हाच अधिक पश्चात्तापी वाटण्याचा संभव आहे.

येथे 'अक्षम्य पाप' या संज्ञेचे मर्म हाती लागते. मार्कच्या शुभवर्तमानात येशूच्या सत्कृत्यांना शास्त्री सैतानी शक्तीचे कार्य ठरवतात, त्या प्रसंगी पवित्र आत्म्याविरुद्धच्या दुर्भाषणाला क्षमा नसल्याचे विधान येते. संत ऑगस्टीन यांनी त्याचा अर्थ अखेरपर्यंत पश्चात्ताप न करणे असा लावला. संत थॉमस अक्वायनस यांनी आत्म्याविरुद्धच्या सहा पापांत निराशेलाही स्थान दिले. पोप दुसरे जॉन पॉल यांच्या १९८६ च्या परिपत्रकानेही देऊ केलेल्या तारणाचा नकार हेच त्याचे स्वरूप मानले. या सर्व भाष्यांत मर्यादा देणाऱ्याची नाही, घेण्यास नकार देणाऱ्याची आहे. 'अक्षम्य' हे मराठी विशेषण मात्र कृत्याला लागते आणि क्षमा करणाऱ्याची असमर्थता सूचित करते. ते ऐकताच महापातकांची प्रतवारी जागी होते आणि वाचक विचारू लागतो, असे भयंकर कृत्य कोणते? वस्तुतः प्रश्न कृत्याचा नसून अवस्थेचा आहे. आपले पाप अक्षम्य तर नाही ना, या भयाने पोळणाऱ्या श्रद्धावंताला ते भयच क्षमेच्या ओढीची खूण आहे, असे धर्मगुरू सांगतात. विशेषण मात्र त्याच्यासमोर दार लावून घेते.

समाज शब्दकोशातून नव्हे, उपासनेतून अर्थ शिकतो, असा आक्षेप यावर संभवतो. तो अंशतः ग्राह्य आहे. वसईच्या चर्चमध्ये 'प्रायश्चित्ता'चा पालटलेला क्रम आचारातूनच रुजतो. परंतु साहित्यकृतीचा वाचक उपासनामंडलाबाहेरचाही असतो. त्याच्याजवळ शब्दाखेरीज दुसरा आधार नसतो. म्हणून परिचित शब्दाला नवा आशय देणारी स्टीफन्सप्रणीत वाट आणि हिंदू तत्त्वविचाराने भारलेल्या शब्दांविषयी सावध राहणारी पंडिता रमाबाईंची बायबल-भाषांतरातील वाट, या दोहोंची तुलना केवळ शैलीची तुलना ठरत नाही. क्षमेची कोणती कल्पना मराठीत उच्चारता येते, हे त्या तुलनेत पणाला लागलेले असते. ख्रिस्ती मराठी किती 'मराठी' आहे, हे आता पुरेसे सिद्ध झाले आहे. तिच्या संपर्काने मराठी शब्दांच्या अर्थात काय घडले, याचा शोध हे समीक्षेचे पुढील कार्य होय.