भोंगा आणि तवा

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तीनेक हजार वस्तीचं गाव. १५ ऑगस्ट २०२२ पासून तिथे संध्याकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला, की घरोघरचे टीव्ही-मोबाइल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा, मग सुरू. करोनात शाळा मोबाइलवर आली आणि शाळा उघडल्या तरी मुलांच्या हातातून तो सुटेना, म्हणून सरपंच विजय मोहिते यांनी हे मनावर घेतलं.

इथे हैदराबादला आमच्या महिला मंडळात हा विषय निघाला की सगळ्या माना डोलावतात. "आपल्या बिल्डिंगमध्येही हवा बाई असा भोंगा!" मला मात्र त्यातलं घेण्यासारखं काय आणि खटकणारं काय, हे निवडून पाहावंसं वाटतं.

घेण्यासारखं हे, की सगळे एकदम थांबतात. एकटीने फोन बाजूला ठेवला तर ग्रुपवर साखरपुड्याची तारीख ठरून जाते आणि आपल्याला पत्ताच नसतो. सगळ्या गावाने ठेवला, तर कुणाचंच काही बुडत नाही. शिवाय नुसता भोंगा लावून ते मोकळे झाले नाहीत. आधी बायकांची सभा घेतली. आशाताई, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघर समजवायला फिरले. भोंगा विकत मिळतो, हे फिरणं मिळत नाही.

खटकते ती वेळ. सूर्यास्तापूर्वी जेवणं उरकणारी आपली घरं सोडली, तर सातला बाईचा तवा तापलेला असतो. मुलं अभ्यासाला, पुरुष पारावर, आणि ही पोळ्या लाटतेय. कानावर पडणारी मालिका तेवढी तिची सोबत, तीही गेली. मी वाचलेल्या बातम्यांत मुलांच्या अभ्यासाचं कौतुक होतं. त्या दीड तासात लसूण सोलायला तिच्याजवळ कोण येऊन बसलं, हे कुठेच नव्हतं.

दुसरं म्हणजे, भोंग्याला फोनफोनातला फरक कळत नाही. माझं माहेर लांब, लेक पुण्यात. तिच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलणं हे माझ्यासाठी नातंच आहे. आपल्याकडे सामायिक ४८ मिनिटांचं. म्हणजे वडगावचा दीड तास जवळजवळ दोन सामायिकांचा. पण सामायिकाला आपण आपल्या मनाने बसतो. आणि अनर्थदंडात 'प्रमादचर्या' सांगितली आहे, म्हणजे उगाचच, कामाशिवाय केलेली उठाठेव. अंगठ्याने रील वर सरकवत बसण्याला याहून नेमका शब्द मला सापडलेला नाही. तिथे प्रश्न किती वेळ हा नाहीच, कशासाठी हा आहे.

आता क्षमावाणीचा दिवस बघा. सकाळपासून हात जोडलेली, कमळांची चित्रं येत राहतात. "उत्तम क्षमा", आणि श्वेतांबर शेजारणींकडून "मिच्छामि दुक्कडम्". एका बोटात दोनशे जणांची क्षमा मागून होते. त्या दोनशेत ती जाऊही असते, जिच्याशी दोन वर्षं बोलणं नाही. ती उलट तेच चित्र पाठवते. अबोला जिथल्या तिथे! भोंगा वाजवायचाच तर या दिवशी वाजवा.

यंदा मंडळात मी सुचवलंय, की क्षमावाणीला चित्र कुणी पाठवायचं नाही. जिच्याशी अबोला आहे अशा एकीलाच फोन लावायचा. गावातच असेल तर मेट्रोने जाऊन यायचं. दोघी तयार झाल्या. बाकीच्या म्हणाल्या, "आधी त्या भोंग्याचं बघू या."