विज्ञानमालिकेतला इतिहास आणि साक्षीदाराची जागा

इतिहासाचा शौक असणारा माणूस विज्ञानकथेकडे सहसा फिरकत नाही, असे मानले जाते. एकाचे तोंड मागे, दुसरीचे पुढे. वास्तविक या दोघांची गाठ टीव्हीच्या पडद्यावर फार पूर्वीच पडली आहे. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी बीबीसीवर 'डॉक्टर हू' ही मालिका सुरू झाली, तेव्हा डॉक्टरच्या कालयानात शिरलेली पृथ्वीवरची पहिली दोन माणसे एकाच शाळेतले शिक्षक होते: विज्ञान शिकवणारा इयान चेस्टरटन आणि इतिहास शिकवणारी बार्बरा राइट. मुलांना करमणुकीबरोबर दोन्ही विषयांची गोडी लागावी, हा सुरुवातीचा हेतू होता. पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन लखनौत जन्मलेले; फाळणीच्या काळातल्या लखनौवर कादंबरी लिहिणाऱ्या अतिया हुसेन यांचे ते चिरंजीव. ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नाही, म्हणून मुद्दाम नमूद करतो.

१९६४ च्या 'द अॅझटेक्स' या कथेत बार्बरा जुन्या मेक्सिकोत पोहोचते. तिथले लोक तिला देवतुल्य मानतात. हाती सत्ता आली म्हटल्यावर ती नरबळी बंद करायला निघते. इतिहास बदलता येणार नाही, असे डॉक्टर तिला बजावतो आणि तसेच होते. ती हरते. आम्हा शिक्षकांना हा पराभव ओळखीचा आहे. वर्गात आपण दरवर्षी त्याच लढाया शिकवतो, त्याच चुका सांगतो, आणि निकाल दरवर्षी तोच लागतो.

मग अशा कथेत गोडी कसली? शेवट ठाऊक असूनही माणूस का पाहतो? दर मुहर्रमला करबलाचा वाकया ऐकणाऱ्याला हा प्रश्न पडू नये. पाणी मिळणार नाही हे ठाऊक असते, तरी प्रत्येक वेळी घसा कोरडा पडतो. 'शहादत' या शब्दाचे दोन अर्थ आहेत: हौतात्म्य आणि साक्ष. ऐकणारा काही बदलू शकत नाही. तो साक्षीला बसतो. माझ्या मते विज्ञानमालिकेतल्या इतिहासाचे खरे बळ इथेच आहे.

मराठी वाचकाला याच्या उलट वाट परिचयाची आहे. दिवंगत जयंत नारळीकर यांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत १४ जानेवारी १७६१ ची एक गोळी चुकते, विश्वासराव वाचतात आणि हिंदुस्थानचा सारा इतिहास पालटतो. 'द अॅडव्हेंचर' या नावाने ही कथा अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकातही आली. त्या रूपात पुण्याहून मुंबईला जाताना गंगाधरपंतांना गाडीत एक खानसाहेब भेटतात. ते मुंबईत गाडी बदलून दिल्ली, लाहोर करत पेशावरला निघाले आहेत. ना पासपोर्ट, ना व्हिसा. १९४७ ची फाळणी या जगात झालेलीच नाही, हे वाचकाने खानसाहेबांच्या प्रवासावरून ओळखायचे. तो परिच्छेद वाचताना माझ्या मनात हेवा दाटून येतो. पण खानसाहेब आपल्या धंद्याविषयी बोलत राहतात, आणि फाळणी जशी कुणाच्या नकळत नाहीशी होते, तशी तिची वेदनाही.

'डॉक्टर हू'ने ११ नोव्हेंबर २०१८ रोजी दाखवलेला 'डीमन्स ऑफ द पंजाब' हा भाग नेमकी ती वेदना हाती घेतो. लेखक विनय पटेल. शेफील्डची पोलीस तरुणी यास्मिन खान हिला तिची नानी उम्बरीन एक बंद पडलेले घड्याळ देते, पण त्याची हकिकत सांगत नाही. यास्मिन कालयानाने ऑगस्ट १९४७ च्या पंजाबात जाते. तिथे तरुण उम्बरीनचा निकाह ठरला आहे तो प्रेम नावाच्या हिंदू शेतकऱ्याशी. हा यास्मिनचा नाना नव्हे. त्याला वाचवले तर यास्मिनच जन्माला येणार नाही. प्रेमचा काळ होऊन येतो त्याचाच सख्खा भाऊ मनीष. ज्यांना आपण राक्षस समजतो ते परग्रहवासी एकाकी मरणाऱ्यांच्या साक्षीला आलेले असतात. शेवटी डॉक्टर आणि यास्मिन पाठ फिरवून चालू लागतात. गोळीचा फक्त आवाज येतो.

मारणारा कोण आणि मरणारा कोण, याचा हिशेब मांडायला आपल्या वाचकाने इथे बसू नये. रेषेच्या दुसऱ्या बाजूला नावे उलटी होती, हे आपण जाणतो. माझी तक्रार वेगळी आहे. हा भाग फाळणीला एका घरातले भांडण करतो. रेषा आखणारे जवळजवळ पडद्याबाहेरच राहतात. सिरिल रॅडक्लिफ ८ जुलै १९४७ ला हिंदुस्थानात आले. त्याआधी त्यांनी हा देश पाहिला नव्हता. पाच आठवड्यांत रेषा आखली गेली आणि स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी, १७ ऑगस्टला, जाहीर झाली. ब्रिटिश मालिकेने कालयान त्या खोलीतही एकदा उतरवायला हवे होते.

तरीही दोन्हींत मला हा भाग अधिक जवळचा वाटतो. नारळीकर इतिहास दुरुस्त करतात, त्याचा आनंद मोठा आहे; पण पुस्तक मिटले की खानसाहेबांची गाडी सुटून जाते. उम्बरीनचे घड्याळ मात्र हातात राहते.

आमच्या कोकणात प्रेतांनी भरलेल्या गाड्या आल्या नाहीत. इथे फाळणी पोस्टाने आली. कराचीत कोकणी मुसलमानांची वस्ती जुनी. माझ्या नानीचा भाऊ तिथे नोकरीला होता. तो तिथलाच झाला. पत्रे येत, मग कमी झाली, मग थांबली. नानी ती डब्यात ठेवी आणि विचारले तर झाकण लावी. मी इतिहास शिकवायला लागलो तेव्हा ती हयात होती, आणि वर्गात फाळणी शिकवून घरी आल्यावरही मी तिला कधी नीट बसून विचारले नाही.

विज्ञानकथा लिहिणारे आपल्यात थोडे आहेत. त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते की कालयान पानिपतावर पुष्कळदा नेऊन झाले. एकदा ते कणकवलीतल्या एखाद्या ओटीवर, पोस्टमनची वाट पाहणाऱ्या बाईशेजारी उतरवून पाहावे. काही बदलू नये. तिच्याजवळ बसावे.