प्रोटॉनडीबीचं पदक नेमकं काय मोजतं?

पेपर कसा वाचायचा, डेटावर कितपत विश्वास ठेवायचा, असल्या गोष्टी आपण या ब्लॉगवर एरवी बोलतो. आज एका वेबसाइटचं परीक्षण करायचं आहे, आणि ते एखाद्या डेटासेटचं करतो तसंच करायचं आहे.

"पीएचडीला लागलोय, कामासाठी लिनक्स लागणार, पण रात्री गेमही खेळायचे आहेत, कुठला लॅपटॉप घेऊ?" हा प्रश्न ज्युनिअर मंडळी नेहमी विचारतात. त्यावर ठरलेलं उत्तर मिळतं: "प्रोटॉनडीबीवर बघ. तुझे गेम प्लॅटिनम किंवा गोल्ड असतील तर बिनधास्त घे."

यातल्या 'बिनधास्त'वर माझा आक्षेप आहे. जेआरएफची रक्कम २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे. वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला बऱ्यापैकी लॅपटॉप म्हणजे दोन-अडीच महिन्यांची फेलोशिप. शिवाय पुढची चार-पाच वर्षं थिसिसही त्याच मशीनवर लिहायचा आहे. एवढा खर्च एका पदकाच्या भरवशावर करण्याआधी ते पदक काय सांगतं आणि काय सांगत नाही, हे बघायला हवं.

आधी थोडी पार्श्वभूमी

विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारा वाइन हा प्रकल्प १९९३ पासून सुरू आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने त्याच्यावर आधारलेलं प्रोटॉन स्टीममध्ये आणलं आणि चित्र बदललं. विंडोजचा गेम ग्राफिक्ससाठी डायरेक्टएक्सच्या भाषेत बोलतो. प्रोटॉनमधला डीएक्सव्हीके हा भाग डायरेक्टएक्स ११ आणि त्याआधीच्या गेमचं बोलणं व्हल्कनच्या भाषेत बदलतो. डायरेक्टएक्स १२ साठी तेच काम व्हीकेडीथ्रीडी-प्रोटॉन करतं. पुढे ते व्हल्कन समजून घेऊन कार्डाकडून काम करवून घेणं ही ग्राफिक्स ड्रायव्हरची जबाबदारी.

ही साखळी लक्षात ठेवा. लिनक्सवर कार्ड निवडणं म्हणजे बऱ्याच अंशी ड्रायव्हर निवडणं असतं.

प्रोटॉनडीबी ही साइटही २०१८ पासूनचीच. लोक गेम चालवून बघतात, अनुभव लिहितात आणि त्यावरून प्रत्येक गेमला दर्जा मिळतो. प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्रॉन्झ, आणि अगदीच चालत नसेल तर 'बोर्क्ड', म्हणजे मोडलेला.

या साइटचं काय चांगलं आहे

आधी श्रेय देऊ. प्रत्येक रिपोर्टसोबत कार्ड, ड्रायव्हर, कर्नल, डिस्ट्रो आणि प्रोटॉनची आवृत्ती दिलेली असते. गेम चालवण्यासाठी काय खटपट केली तेही बरेच जण लिहितात. वर हा सगळा डेटा डाउनलोड करून घेता येतो. कित्येक छापील पेपरांमध्येही इतका पारदर्शक डेटा मिळत नाही, हे तुम्हाला लवकरच कळेल. लोकांनी फुकटात केलेलं हे काम मोठं आहे. माझी तक्रार रिपोर्टबद्दल नाहीये. त्या सगळ्यांचा मिळून जो एक शब्द होतो, त्याबद्दल आहे.

पहिली अडचण: रिपोर्ट लिहितं कोण?

समजा दोन जणांनी एकच गेम लावला. पहिल्याच्या मशीनवर काळी स्क्रीन आली. त्याने अर्धा तास डोकं खाजवलं, कंटाळला आणि विंडोजमध्ये परत गेला. दुसऱ्याने प्रोटॉनची आवृत्ती बदलली, लाँच ऑप्शन टाकला, गेम चालला, आणि त्याने आनंदाने रिपोर्ट लिहिला. साइटला दोनातला एकच दिसतो. नमुना असा आपणहून निवडला जातो तेव्हा त्यात टिकून राहिलेल्यांचीच संख्या जास्त असते. किती जणांनी प्रयत्न केला हा छेद आपल्याकडे नाही, फक्त अंश आहे.

नमुना यादृच्छिक असला तरी प्रश्न संपत नाहीत. स्टीम दर महिन्याला हार्डवेअर सर्व्हे करतं, त्यात भाग घेणं ऐच्छिक असतं. फेब्रुवारी २०२५ च्या सर्व्हेत सोपी चिनी वापरणाऱ्यांचं प्रमाण एकदम उसळून ५० टक्क्यांच्या आसपास गेलं आणि लिनक्सचा वाटा सुमारे २ टक्क्यांवरून दीड टक्क्यावर उतरला. पुढच्याच महिन्यात तो पुन्हा २ च्या वर होता. एका महिन्यात इतक्या लोकांनी लिनक्स सोडलं आणि परत धरलं, असं कोणी म्हणेल का? बदलली ती नमुन्याची घडण. प्रोटॉनडीबीवर तर नमुना निवडणारंच कोणी नाही.

दुसरी अडचण: एका पदकात सगळी हार्डवेअर एकत्र

पदक गेमला मिळतं, लॅपटॉप मात्र तुम्ही घेणार असता.

एएमडीच्या कार्डांचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच असतो आणि व्हल्कनचा भाग मेसा या मुक्त प्रकल्पातून येतो. डिस्ट्रो टाकली की बहुतेक वेळा वेगळं काही करावं लागत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेल्या स्टीम डेकमध्येही एएमडीचीच चिप आहे, त्यामुळे व्हॉल्व्हने या ड्रायव्हरवर बरंच काम केलंय.

एनव्हिडियाची गोष्ट वेगळी. मे २०२२ मध्ये कंपनीने कर्नलमधला भाग खुला केला, तोही जीटीएक्स १६ आणि आरटीएक्स २० मालिकेपासून पुढच्या कार्डांसाठी. वरचा मोठा भाग अजूनही बंदिस्त आहे. वेलँडवर स्क्रीन लुकलुकण्याचा जुना त्रास २०२४ च्या ५५५ ड्रायव्हरपासून बराच आटोक्यात आला. डायरेक्टएक्स १२ च्या गेममध्ये विंडोजच्या मानाने वेग कमी मिळतो, ही तक्रार मात्र जुनीच आहे.

आता कल्पना करा, एखाद्या गेमचे बरेचसे रिपोर्ट डेकवाल्यांचे आहेत. डेकची स्क्रीन १२८० × ८०० ची आणि सगळ्या डेकमधली चिपची जात एकच. त्या गेमचं प्लॅटिनम तुम्हाला एएमडी आणि मेसाबद्दल बरंच सांगेल. इंटेल प्रोसेसर आणि एनव्हिडिया कार्ड अशा जोडीच्या, फुल एचडी स्क्रीनच्या लॅपटॉपबद्दल जवळपास काहीच सांगणार नाही. वेगवेगळ्या गटांची सरासरी काढली की गटांमधला फरक गायब होतो, हे संख्याशास्त्रात आपण शिकलेलोच असतो. इथे नेमका तो फरकच आपल्याला हवा आहे.

तिसरी अडचण: परवानगीचा प्रश्न

काही गेम तांत्रिकदृष्ट्या चालू शकतात, पण चालू दिले जात नाहीत. ऑनलाइन गेममध्ये फसवणूक रोखायला अँटी-चीट असतं. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन मोठ्या प्रणालींनी २०२१ मध्ये प्रोटॉनसाठी दार उघडलं, पण ते वापरायचं की नाही हे गेम बनवणाऱ्यांवर सोडलं. एपेक्स लेजंड्स लिनक्सवर चालत होता. ३१ ऑक्टोबर २०२४ ला कंपनीने लिनक्सचा प्रवेश बंद केला. त्या दिवसाआधीचे सगळे चांगले रिपोर्ट, खरे असूनही, निरुपयोगी झाले. व्हॅलोरंटचं अँटी-चीट विंडोजच्या कर्नलमध्येच बसतं, त्यामुळे तो लिनक्सवर चालत नाही.

इथे हार्डवेअरचा काही संबंध नाही. दीड लाखाचं मशीन आणलं तरी उत्तर 'नाही'च. म्हणून हा मुद्दा गुणांच्या यादीत मोजू नका. तो आधीच पार करायचा उंबरठा आहे, आणि पदकाच्या एका शब्दात उंबरठा आणि गुण एकाच रांगेत बसवलेले असतात.

चौथी अडचण: 'मस्त चालतो' म्हणजे काय?

कोणाला सेकंदाला ४० फ्रेम म्हणजे लोणी वाटतं, कोणाला १०० च्या खाली चक्कर येते. सरासरी ७० फ्रेम असलेला गेमही मध्येच अर्धा सेकंद अडकत असेल तर खेळताना वैताग येतो. असे झटके पुष्कळदा शेडर त्या क्षणी तयार होत असल्यामुळे बसतात आणि सरासरीत दिसत नाहीत. म्हणून जाणकार सर्वांत वाईट १ टक्का फ्रेमचा वेगही बघतात. मँगोहड नावाचं छोटं साधन हे आकडे खेळताना स्क्रीनवर दाखवतं. आकडे असलेला एक रिपोर्ट "वर्क्स ग्रेट" लिहिलेल्या दहा रिपोर्टांपेक्षा मला जास्त उपयोगी वाटतो. संशोधनात याला कार्यात्मक व्याख्या म्हणतात: जे मोजायचंय ते कसं मोजलं, हे आधी सांगा.

व्याख्येचा हाच घोळ दुकानातही होतो. 'आरटीएक्स ४०६० लॅपटॉप' हे एकच नाव आहे, पण ती चिप ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीही वीज घेईल अशी बसवता येते. एकाच नावाच्या दोन लॅपटॉपांचा वेग त्यामुळे बराच वेगळा असू शकतो. रिपोर्टमध्ये कार्डाचं नाव असतं, वॉट बहुधा नसतात. लॅमिंग्टन रोडवर गेलात तर दुकानदाराला नाव विचारून थांबू नका, वॉट विचारा.

मग ही साइट वाचायची कशी?

उलट्या क्रमाने. पदक शेवटी बघा.

१. खरोखर खेळणार आहात असे पाचच गेम लिहून काढा. स्टीमच्या सेलमध्ये घेऊन ठेवलेले पन्नास नकोत.

२. प्रत्येकाचं अँटी-चीट आधी तपासा. ज्याच्याशिवाय करमणार नाही असाच गेम अडकत असेल तर विंडोजसाठी वेगळं पार्टिशन ठेवा, किंवा तो गेम सोडा. तिसरा रस्ता नाही.

३. तुमच्या विचारातल्या कार्डाच्या घराण्याचेच रिपोर्ट वाचा, आणि शेवटच्या काही महिन्यांचेच. ड्रायव्हर बदलले की जुना रिपोर्ट इतिहासात जमा.

४. वाईट रिपोर्ट आधी वाचा. चांगला रिपोर्ट सांगतो की गेम चालू शकतो. कुठे आणि का अडतो, हे वाईट रिपोर्टमधून कळतं. तीन वेगवेगळ्या लोकांची तक्रार एकच असेल आणि तिघांचं कार्डही एकच असेल, तर तो तुमच्यासाठी पुरावा आहे.

५. लॅपटॉपच्या बाकीच्या गोष्टी प्रोटॉनडीबीवर शोधू नका. वाय-फाय चिप, स्लीपमधून मशीन नीट उठतं का, दोन ग्राफिक्स चिप असतील तर अदलाबदल कशी होते, हे त्या मॉडेलच्या नावाने वेगळं शोधावं लागतं. शक्य असेल तर दुकानात लाइव्ह यूएसबी लावून बघा. दुकानदार नाही म्हणाला तर त्याने किमान परत घेण्याची अट स्पष्ट करावी.

आता तुमच्यासाठीचा खास प्रश्न, जो कुठल्याही पदकात नाही: संशोधनाला कूडा लागतं का? तुमचं रोजचं काम कूडावर असेल आणि ते स्वतःच्याच मशीनवर करायचं असेल, तर एनव्हिडिया घ्या आणि ड्रायव्हरची थोडी कटकट मान्य करा. एएमडीकडे आरओसीएम आहे, पण अधिकृतपणे चालणाऱ्या कार्डांची यादी मर्यादित आहे, घेण्याआधी ती बघाच. जड गणित विभागाच्या क्लस्टरवर होणार असेल आणि तुमचा लॅपटॉप फक्त कोड लिहायला, थिसिसला आणि गेमला असेल, तर माझं मत सरळ एएमडीला. एक पथ्य मात्र पाळा. एचडीएमआय २.१ च्या सुविधा एएमडीच्या मुक्त ड्रायव्हरमध्ये आणण्याचा प्रस्ताव २०२४ मध्ये एचडीएमआय फोरमने नाकारला. ४के आणि १२० हर्ट्झचा मॉनिटर लावायचा असेल तर डिस्प्लेपोर्टचा विचार करा.

एवढी चिरफाड कशाला?

कोणी म्हणेल, हौशी लोकांच्या फुकट साइटला पेपरचे निकष का लावायचे? साइट आपल्याकडून काहीच लपवत नाही, कच्चा डेटा समोर ठेवते, हे मान्य. पण पुढची काही वर्षं तुम्ही हेच करणार आहात. पेपरचा सारांश वाचून "सिद्ध झालंय" म्हणायचं, की पद्धतीच्या भागात जाऊन नमुना कोणता, मोजलं कसं, कधी मोजलं हे बघायचं? प्रोटॉनडीबीचं पदक म्हणजे सारांश, आणि खालचे रिपोर्ट म्हणजे पद्धत. ही सवय स्वतःच्या ऐंशी हजारांवर लागली तर पेपर वाचतानाही टिकते.

आणि एक विनंती. लॅपटॉप आणल्यावर तुम्हीही रिपोर्ट लिहा. विशेषतः गेम चालला नाही तर नक्की लिहा: कार्ड, वॉट, ड्रायव्हर, किती फ्रेम, कुठे अडकला. काळी स्क्रीन बघून निघून गेलेल्या त्या पहिल्या माणसाची जागा साइटवर अजून रिकामीच आहे.